धोंड्याचं खाचर

जिजी दगडाला दगड म्हणत नसे, धोंडा म्हणायची. अंगणातला दगड धोंडा, भिंतीतला दगड धोंडा, ओढ्यातला गुळगुळीत झालेला दगड तोही धोंडाच. आम्ही पोरं अंगणात ‘दगड का माती’ खेळायला लागलो की ती आतून ओरडायची, “धोंडा का माती म्हना की रं मेल्यांनो!” पौडच्या बाजारातून मसाला आणायची चिठ्ठी ती मला सांगायला बसली की मी न विचारता लिहीत जायची: धने, खोबरं, लवंग, धोंडफूल. दुकानदार रहमानचाचा ती चिठ्ठी वाचून कधी हसले नाहीत. दगडफुलाची पुडी बांधून माझ्या हातात देत आणि म्हणत, “हे घे तुझ्या जिजीचं धोंडफूल.” कारण आमच्या वाडीला आणि पौडच्या बाजारालाही ठाऊक होतं, की जिजीच्या नवऱ्याचं नाव दगडू होतं.

दगडू म्हणजे माझे थोरले चुलते. मी त्यांना पाहिलं नाही. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी ते तापानं गेले आणि जिजी पंचविशीच्या आतच पांढऱ्या कपाळाची झाली. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही रीत तेव्हा घरोघर होती. सोमा नावाच्या माणसाची बायको सोमवारला ‘महादेवाचा वार’ म्हणायची, हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. पण बाकीच्या बायका लग्नकार्यात उखाण्यातून का होईना नाव घेत. विधवेला उखाणाही नाही. त्यामुळे ते नाव जिजीच्या तोंडून कुणी कधीच ऐकलं नव्हतं. एकदा शिरगणतीचे लोक आले. त्यांतल्या एका पोरसवदा कारकुनानं तिला नवऱ्याचं नाव विचारलं. जिजीनं अंगणातल्या दगडाकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, “पाषाण?” जिजी म्हणाली, “व्हय, तसलंच कायतरी.” त्यानं ते नवऱ्याचं नाव म्हणून लिहिलं की पुण्याजवळचं पाषाण समजून माहेरचं गाव म्हणून, देव जाणे. माझे वडील, आबा, फार हसणाऱ्यांतले नव्हते, पण या गोष्टीला ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत.

आमची वाडी रिह्याच्या खोऱ्यात. घर एकच, पण वाटणी झाल्यावर मधे कुडाची भिंत घातलेली. अलीकडे आई, आबा आणि मी, पलीकडे जिजी. कुडाची भिंत म्हणजे काय, नजरेला आडोसा एवढंच. तिकडची खोकल्याची उबळ इकडे ऐकू यायची आणि इकडचं भांडण तिकडे. त्या भिंतीला वाटी जाईल एवढं भोक होतं. त्यातून सकाळी विस्तव जायचा आणि दुपारी कालवण यायचं. जातं जिजीच्या बाजूला होतं, त्यामुळे पहाटे आई तिकडे दळायला जायची, आणि त्या घरघरीबरोबर दोघी जावांची आदल्या दिवशीची सगळी भांडणं दळून निघायची. रोजचं जेवण नाचणीची भाकरी आणि कुर्डूची नाहीतर भोपळ्याची भाजी. पण पावसाळ्यात ओढ्याचे खेकडे आले की जिजी पदर खोचायची. नांग्या पाट्यावर वाटायच्या, रस गाळून घ्यायचा, भाजलेलं खोबरं आणि ते धोंडफूल घालून उकळी आणायची. त्याच्यासोबत आंबेमोहराचा भात. कुणाच्या घरी आंबेमोहर शिजतोय हे अख्ख्या वाडीला वासावरून कळायचं, त्यामुळे चोरून खाण्याची सोयच नव्हती. मी अलीकडे जेवून पलीकडे पुन्हा जेवायची. आई म्हणायची, “हिला दोन पोटं हायेत.”

आबा जिजीचे धाकटे दीर. त्यांची आई ते पाच वर्षांचे असतानाच गेली, आणि नवी नवरी म्हणून आलेल्या जिजीनं त्यांना न्हाऊमाखू घातलं. सगळी वाडी आबांना टरकून असे. त्यांच्या वहाणांचा आवाज आला की आईचा आवाज खाली यायचा आणि माझं पुस्तक वर यायचं. जिजी मात्र त्यांना भर अंगणात “ए म्हाद्या!” अशी हाक मारायची. दरवर्षी बांधावरून दोघांचं कडाक्याचं वाजायचं, आणि दरवर्षी आबा स्वतःच्या आधी जिजीची खाचरं नांगरून द्यायचे.

ही खाचरं दोन होती. नवरा गेल्यावर सासऱ्यानं पोटाला म्हणून लावून दिलेली. पुढे कायदा बदलला, बाईच्या पोटाला दिलेली जमीन आता बाईचीच, असं तलाठी सांगून गेला, आणि त्या दिवशी जिजी उगाचच दोन्ही बांधांवरून फिरून आली. थोरलं खाचर आमच्या खाचराला लागून. मधोमध म्हशीएवढा काळा दगड, त्याच्या बाजूनं नांगर वळवून न्यावा लागे, म्हणून गावाचं त्याला नाव ‘दगडाचं खाचर’. माती काळी, वरच्या झऱ्याचं पाणी दिवाळीपर्यंत हटायचं नाही, आणि आंबेमोहर पिकावा तर तिथंच. दुसरं चढावर, ओढ्याच्या वळणाला, चार ढांगांत संपणारं. पूर्वी कधीतरी धोंड्या नावाचा कुणी ते कसायचा, म्हणून गाव त्याला ‘धोंड्याचं खाचर’ म्हणे. त्यात नाचणी झाली तर झाली. जिजी मात्र थोरल्याला म्हणायची धोंड्याचं, आणि त्या चढावरच्याला म्हणायची वढ्याचं. घरात याचा कधी घोटाळा झाला नाही. तिचं बोलणं ऐकतच मी मोठी झाले, मला तर ते वेगळं बोलणं आहे हेही जाणवत नसे.

मी अकराएक वर्षांची असताना सखू आली. जिजीच्या बहिणीची लेक, ताम्हिणीकडे दिलेली. मूल होत नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी केली आणि हिला गुरांसारखी राबवून वर मारायला लागला. एके दिवशी ती डोक्यावर बोचकं आणि पाठीवर वळ घेऊन जिजीच्या दारात उभी राहिली. जिजीनं काही विचारलं नाही. “हातपाय धू, भात हाय,” एवढंच म्हणाली. सखूचा हात लावणीला इतका चलाख, की आम्ही एक मूठ लावेपर्यंत तिच्या तीन लावून व्हायच्या. ती फारसं बोलत नसे. जिजीच्या सोबतीत राहून वर्षभरात तीही दगडाला धोंडा म्हणायला लागली. तिचा नवरा काही दगडू नव्हता. त्याचं नाव घेतलं असतं तरी कुणी तिला दोष दिला नसता, शिव्यांसकट घेतलं असतं तरी.

मी सातवीची परीक्षा पास झाले त्या वर्षी शिमग्यानंतर जिजी म्हणाली, “इंदे, कागद आन. मला निरवानिरव करायचीय.” तिला मृत्युपत्र म्हणता येत नव्हतं, आणि तिचा शब्द मला आजही जास्त बरा वाटतो. “आवंदाची लावणी मला दिसंल आसं वाटत न्हाई. मागनं भांडणं नगंत.” साक्षीला शाळेचे गुरुजी आले आणि वाडीतले तुकामामा. तुकामामा ठार बहिरे होते, पण अंगठा चांगला उठायचा. गुरुजी सातारकडचे, भला माणूस. ते म्हणाले, “जिजी, मी लिहितो की. कायद्याच्या भाषेत नीट होईल.” जिजी म्हणाली, “गुर्जी, तुमी सुदरून लिवाल. मला माजंच बोलणं पायजे. ही लिवंल.” मग माझ्याकडे वळली. “मी म्हनीन तसंच लिवायचं. एक अक्षर हिकडचं तिकडं करायचं न्हाई.” शुद्धलेखनात मी शाळेत पहिली. मी तोऱ्यात पाट मांडीवर घेतला.

सुरुवातीलाच अडलं. गुरुजींनी सांगितलं, “लिही, मी गंगूबाई कोम,” आणि थांबले. कोम म्हणजे अमक्याची बायको. पुढे त्या अमक्याचं नाव हवं. गुरुजी जिजीकडे बघतात, जिजी आढ्याकडे बघते. शेवटी मीच ‘दगडू’ लिहिलं आणि लिहिताना मोठ्यानं वाचलं. जिजीनं पदर पुढे ओढून घेतला आणि पदराआडून म्हणाली, “पुढं लिव.” ती तेव्हा साठीला आली होती. मला वाटतं, ती लाजली होती.

मग यादी सुरू झाली. जातं आईला, “माज्या मागारी तिला भांडायला कुनी न्हाई, तवा निदान दळू दे.” तांब्याचा हंडा देवळाला. शेजारच्या सोनाबाईशी तिचं सात वर्षं वाकडं होतं, तिला मुसळ, “दर घावाला माजी याद यील.” मला पाटा-वरवंटा. मी मनातून खट्टू झाले, मला तिची पोवळ्याची माळ हवी होती. ती तिनं सखूला दिली. माळ्यावरची लाकडं कुणालाच नाहीत, ती तिच्या स्वतःसाठी. आमच्याकडे पावसाळ्यात मरणं म्हणजे सगळ्यांचा छळ. चार-चार महिने लाकूड वाळत नाही आणि चिता पेटता पेटत नाही. म्हणून जिजीनं दोन उन्हाळे वाळवलेली खैराची लाकडं चुलीवरच्या माळ्यावर रचून ठेवली होती. तेही लिहून घेतलं. आणि शेवटी म्हणाली, “धोंड्याचं खाचर सखूला, तिच्या हयातीपुरतं न्हाई, कायमचं. उरलंसुरलं समदं माजा दीर म्हादू याला.” मी लिहिलं, धोंड्याचं खाचर सखूला. अक्षर वळणदार आलं म्हणून खूश झाले. गुरुजींनी सही केली, तुकामामांचा आणि जिजीचा अंगठा उठला, आणि कागद पत्र्याच्या पेटीत गेला.

लावणी तिला दिसली. दिसली म्हणजे काय, तिनं ती केली. शेवटची मूठ तिनं त्या काळ्या दगडाच्या कडेला रोवली, घरी आली, इरलं काढून ठेवलं, आणि आठ दिवसांत खोकल्यानं गेली. पाऊस मी म्हणत होता, पण माळ्यावरची लाकडं पहिल्या काडीत पेटली. आबा चितेसमोर उभे राहून म्हणाले, “वैनीनं कुनाला तरास दिला न्हाई.” त्यांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

तेराव्याला चार माणसं जमली आणि कागद वाचायला मला सांगितलं. लिहिणारीच वाचील, असं ठरलं. सोनाबाईनं मुसळाचं ऐकलं आणि आधी हसली, मग पदर तोंडाला लावून रडायला लागली. मी वाचत गेले. “धोंड्याचं खाचर सखूला” एवढं वाचलं आणि मागून कुणीतरी समाधानानं म्हणालं, “बरं केलं. चढावरचं का आसंना, पोरीला तोंडी लावण्यापुरतं तरी दिलं.” सगळ्यांनी माना डोलावल्या. मी कागदाकडे बघत राहिले. माझंच ते वळणदार अक्षर, आणि त्यात लिहिलेलं खाचर भलतंच झालं होतं. ‘उरलंसुरलं समदं’ यात थोरलं खाचर आबांकडे गेलं होतं. मी आबांकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते. मी कागदाची घडी घातली.

संध्याकाळी सखू ओढ्यावर भेटली. इकडेतिकडे बघून म्हणाली, “इंदे, जिजीनं मला धोंड्याचं दिलं म्हंजी धोंड्याचं, का धोंड्याचं?” आज हे वाक्य लिहिताना मला हसू येतं. तेव्हा आम्ही दोघीही हसलो नाही. मी म्हटलं, “तुला ठावं हाय, मलाबी ठावं हाय.” ती म्हणाली, “माज्या ठावं असण्याला कोन इचारतंय. मी बोलले तर म्हनतील, आयतं खाऊन वर डोळा ठेवती.” चढावरच्या तुकड्यात एका माणसाचं दोन महिनेही भागलं नसतं. आणि तिच्या नवऱ्याचा निरोप येऊन धडकला होता: म्हातारी गेली, आता मुकाट्यानं घरी ये. थोरलं खाचर नसेल तर तिला जायला दुसरं दार नव्हतं. तिच्या पाठीवरचे वळ मी पाहिलेले होते.

मी आईला सांगितलं. आई चुलीपुढं बसली होती, तिनं फुंकणी खाली ठेवली. “गप ऱ्हा,” म्हणाली. “लिवताना आक्कल कुटं गेलती? आता बोलून बापाच्या ताटातला घास काढतीस व्हय?” मग आवाज उतरवून म्हणाली, “त्यांचं पहिल्यापास्नं मन हाय. मधला बांध फोडला तर एकच खाचर हुतंय. ते आलं तर तुला पुन्याला मास्तरणीच्या शाळंत घालनार हायेत. माज्यापाशी बोललेत तसं.” म्हणजे माझ्या चुकीचं फळ मलाच मिळणार होतं. मी चौदा वर्षांची होते आणि मला मास्तरीण व्हायचं होतं, इतकं, की मी गाईच्या गोठ्यात गाईंना पाढे शिकवत असे. मी गप्प राहिले. त्या तीन महिन्यांत मला आंबेमोहराचा भात गोड लागला नाही. आजही कुणी माझ्या करारी स्वभावाचं कौतुक केलं की मला ते तीन महिने आठवतात आणि मी विषय बदलते.

दिवाळीनंतर फेरफाराची नोटीस लागली. सर्कलसाहेब चावडीवर येणार, कुणाची हरकत असेल तर ऐकणार आणि मग सातबाऱ्यावर नावं चढणार. त्या सकाळी मी कुडाच्या भोकातून पलीकडे पाहिलं. सखूनं घर सारवलं होतं, भांडी पालथी घातली होती आणि बोचकं बांधून दाराशी ठेवलं होतं.

चावडीत सर्कलसाहेब टेबलाशी, शेजारी तलाठी, समोर आबा. सखू खांबाला टेकून उभी. बाहेर बायका. साहेब पुण्याचे, चष्मेवाले, घाईत असलेले. त्यांनी कागद वाचला आणि विचारलं, “हे धोंड्याचं खाचर म्हणजे कोणता सर्व्हे नंबर?” तलाठ्यानं चढावरच्या तुकड्याचा नंबर सांगितला. गुरुजींची बदली झालेली. तुकामामांना ओरडून विचारलं, तर ते म्हणाले, “जे लिवलंय ते खरं हाय!” साहेबांनी कागद पुन्हा पाहिला. “अक्षर छान आहे. कुणाचं?”

“माझं,” मी म्हटलं.

“त्या बोलल्या तसंच लिहिलंस ना?”

“व्हय.” आबांची पाठ माझ्याकडे होती. ती रुंद, धोतराच्या गाठीवरचा सदरा घामानं चिकटलेली पाठ मला अजून दिसते. मी म्हटलं, “तसंच लिवलं. एक अक्षर हिकडचं तिकडं केलं न्हाई.” आणि थांबले.

“मग काही प्रश्नच नाही,” साहेब म्हणाले. “सखूबाई, तुमची काही हरकत?”

सखू म्हणाली, “जिजीनं जे दिलं त्यात माजी काय हरकत.” जिजीनं काय दिलं हे मात्र कुणी विचारलं नाही. तलाठ्यानं रजिस्टर फिरवलं, बोट ठेवून आबांना सहीची जागा दाखवली. आबांना सही येत होती, तीन अक्षरांची, सावकाश करायचे. त्यांनी टाक दौतीत बुडवला. ‘म’ काढला. मग मान वळवून माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि टाक खाली ठेवला.

“साहेब,” ते म्हणाले, “त्या कागदात वैनीच्या नवऱ्याचं नाव काय लिवलंय?”

साहेबांनी पाहिलं. “दगडू.”

“मग?”

“मग काय?”

“मग तिनं दगडाचं खाचर म्हनायचं कसं?”

साहेब चष्म्यातून बघतच राहिले. तलाठी स्थानिक, त्याच्या ध्यानात आलं आणि त्यानं जीभ चावली. आबा उठून उभे राहिले. “वैनी नवी नवरी आली तवा मी यवढासा. दादाचं नाव तिच्या तोंडून काढायचंच म्हनून मी धोंडे गोळा करून आनायचो, तिच्या म्होरं धरायचो. वैनी, हे काय हाय? म्हनायची, धोंडा. ह्यो? धोंडा. एकदा रागानं मी तिला एक हानला. हितं, भिवईवर लागला. रगत आलं. घरात कुनाला सांगितलं न्हाई तिनं. कशानं लागलं म्हनून बाप इचारतोय, तर म्हनती, धोंड्यानं.” त्यांचा आवाज फाटला. “ती मरस्तवर दगड म्हनली न्हाई, साहेब. तिचं धोंड्याचं खाचर म्हंजी माज्या बांधाला लागून हाय ते. थोरलं. ते सखूचं हाय.”

साहेबांना अजून खात्री पटेना. आबा दाराकडे वळून ओरडले, “ए बायानो! आमची जिजी दगडफुलाला काय म्हनायची गं?”

“धोंडफूल!” बाहेरून सगळ्या एकदम म्हणाल्या, आणि सोनाबाईचा आवाज सगळ्यांच्या वर. साहेब हसायला लागले. तलाठी हसला. काय झालं ते न कळता तुकामामाही हसले. सखू खांबाला धरून खाली बसली आणि तिथंच, साहेबासमोर, हमसून हमसून रडली. माझ्या छातीवरून जातं उचलल्यासारखं झालं. मी इतका मोठा श्वास सोडला, की तलाठ्यानं मागे वळून पाहिलं.

साहेब म्हणाले, “ठीक आहे, पण हा जबाब लेखी लागेल.” आबा म्हणाले, “लिवायला ही हाय की.” मी टेबलाशी बसले आणि लिहिलं: धोंड्याचं खाचर, म्हणजे गावाच्या बोलण्यात दगडाचं खाचर. खाली आबांनी आपली तीन अक्षरं काढली.

सखूनं ते खाचर पुढे तीस-पस्तीस वर्षं लावलं. नवरा एकदा न्यायला आला होता. तिनं बांधावरचा धोंडा उचलला, तो परत आला नाही. दर वर्षी नव्या आंबेमोहराचं पहिलं सूप कुडाच्या भोकातून मावेना म्हणून ती दारानं घेऊन यायची आणि आबांपुढे ठेवायची. मी पुण्याला गेले, पण एक वर्ष उशिरा. आबांनी त्यासाठी काय विकलं ते मला कधी सांगितलं नाही. आता त्या बाजूला फार्महाऊसांची कुंपणं झाली आहेत, दगड मात्र आहे तिथंच आहे, कुणाच्यानं हलला नाही. जिजीचा पाटा माझ्या ओट्याखाली आहे आणि वाणसामानाच्या यादीत मी अजून धोंडफूल लिहिते. दुकानातला पोरगा फोन करून विचारतो, आजी, हे काय असतं?

त्या दिवशी चावडीवरून आम्ही दोघं चालत घरी आलो. भात कापणीला आला होता, बांधाच्या दोन्ही बाजूंना वास सुटलेला. बरंच चालल्यावर आबांनी विचारलं, “तुला ठावं हुतं न्हवं?”

“व्हय.”

“मग बोलली का न्हाईस?”

“तुमच्या भ्यानं.”

ते दगडाच्या खाचरापाशी आल्यावर थांबले. वाकून एक लोंबी तोडली, तळहातावर चोळली, फुंकर घालून दाणे माझ्या हातावर ठेवले.

“मलाबी तुजंच भ्या वाटलं,” ते म्हणाले. “‘म’ काढला आन् मनात आलं, ही लिवनारी हाय. आज गप बसंल. पर कवातरी लिवून ठिवंल, बापानं काय केलं ते.”

लिहून ठेवलं आहे, आबा. एक अक्षर इकडचं तिकडं केलेलं नाही.